त्यांच्या नाकी नऊ येईपर्यंत

२ फेब्रुवारी

निघाले एकदाची. धाकटा धक्क्यावर सोडायला आला होता. बॅग त्याने उचलली, पाण्याची बाटली घेऊन दिली, आणि वर म्हणाला, "ताई, समुद्र बघ, वाळूत लोळ, मजा कर. आईची काळजी अजिबात करू नकोस." साठी उलटलेल्या बहिणीला वाळूत लोळायला सांगतोय. भावजय आली नव्हती, ती घरी आईपाशी थांबली होती.

मी मजा करायला चाललेली नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून इथे लिहितेय. चार वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. मी हॉस्पिटलच्या किचनमधली नोकरी मुदतीआधी सोडली आणि तिला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. तेव्हापासून तिचं खाणं, आंघोळ, औषधं, रात्रीबेरात्री उठणं, सगळं मी बघते. धाकटा आणि भावजय रविवारी फळं घेऊन येतात, तासभर बसतात आणि जाता जाता मला अक्कल शिकवून जातात. गेल्या महिन्यात धाकट्याने विषय काढला. आईला आमच्याकडे कायमची नेतो, आमचं घर तळमजल्यावर आहे, पुढे अंगण आहे, तूही जरा मोकळी होशील. मी म्हटलं, तुम्हाला जमणार नाही. तो म्हणाला, का नाही जमणार. बोलता बोलता आवाज चढले. शेवटी आईनेच तोड काढली की तीन आठवडे ती त्यांच्याकडे राहून बघेल आणि मी तेवढ्यात कुठेतरी फिरून यावं. बेटांची तिकिटं धाकट्याने काढली. परत आल्यावर आई कायमची कुठे राहणार ते तिलाच विचारून ठरवायचं. तोवर मी फोन करायचा नाही. गरज पडली तर ते करतील.

गरज पडणारच. तीन आठवडे लांबच राहिले, आठवड्याभरात त्यांच्या नाकी नऊ येतील. आईला भरवायचं म्हणजे काय असतं ते भावजयीला ठाऊक नाही. तिला स्वतःचा चहा गरम असेपर्यंत प्यायला सवड होत नाही. "ताई, लवकर या" असा फोन येईल, मी जाईन, आणि मग हा विषय माझ्यासमोर काढायची पुन्हा कोणाची छाती होणार नाही. म्हणून मी हो म्हटलं. हे मी कोणाला बोललेले नाही.

निघताना आईला सांगितलं, घाबरू नकोस, मी लवकर येते. ती म्हणाली, "घाई करू नकोस." आईचं मन फार मोठं आहे.

३ फेब्रुवारी

पहिलं बेट. बोटीत सगळ्यांना केशरी जॅकेटं वाटली. माझ्या जॅकेटला डिझेलचाही वास होता आणि आधीच्या माणसाच्या घामाचाही. समोर नवी लग्नं झालेली तीन जोडपी. त्यातल्या एका नवऱ्याला बोट लागली. मी पर्समधून सुंठेची गोळी काढून पुढे केली, तर त्याची बायको म्हणाली, "नको काकू, होईल बरं." होईल म्हणे. पुढचा सगळा वेळ त्याचं डोकं पिशवीत होतं.

रिसेप्शनवरच्या माणसाने विचारलं, "एकट्याच आलात?" मी म्हटलं, "नाही, बाकीचे पोहत येतायत." त्याला हसू आलं नाही. खोलीत दोघांचा पलंग, आणि पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. मी आधी ते हंस मोडले आणि टॉवेल नीट धुतलेत का ते नाकाला लावून बघितलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. वाळू पांढरी, पाणी हिरवं, फोटोत असतं तसं सगळं आहे. ते बघून झाल्यावर पुढे काय करायचं ते मला कळेना. लोक नुसते पडून असतात. या वेळेला मी आईचं जेवण मिक्सरमधून काढत असते. हात नुसते मांडीवर पडले होते आणि त्यांचं काय करावं ते सुचत नव्हतं. फोनला रेंज आहे. पुन्हा पुन्हा बघितलं.

५ फेब्रुवारी

फोन नाही.

इथे एकट्या माणसाने टेबल मागितलं की वाढपी समोरची खुर्ची उचलून नेतात. आज वाढपी ती खुर्ची नेत असताना एका बाईने त्याला अडवलं आणि ती स्वतःच त्यावर बसली. डोक्यावर सुपाएवढी टोपी. वयाने माझ्याच आगेमागे असेल. टायपिंगचे क्लास चालवायची, ते बंद केले, आणि आता दरवर्षी कुठेतरी एकटीच जाते. नवरा मुलाकडे असतो. मी विचारलं, "आजारी असतात का ते?" तर म्हणाली, "छे हो, ठणठणीत आहेत. म्हणून तर." मला हा प्रकार काही पटला नाही.

तिने माझी चौकशी केली. मी सांगितलं, घरी आई आहे, माझ्यावाचून तिचं पान हलत नाही.

"मग आत्ता कसं हलतंय?" टोपीवाली म्हणाली. पपईची फोड तोंडात होती, कुजकेपणाने बोलली असंही नाही.

मी म्हटलं, कुठलं हलतंय, भावाचे रोज फोन येतायत, परत ये म्हणून गयावया करतोय. धडधडीत खोटं बोलले. अनोळखी बाईपाशी खोटं बोलून मला काय मिळणार होतं कोण जाणे.

८ फेब्रुवारी

दुसरं बेट. हे लहान आहे. एक धक्का, एक रस्ता, आणि रस्त्यावर भाड्याच्या स्कूटरी घेऊन पडणारी पोरं. टोपीवालीही याच बोटीने आली. खोलीत वाळू इतकी की पलंगावर झोपलं तरी किनाऱ्यावर झोपल्यासारखं वाटतं. चादर रोज दोनदा झटकते.

फोन करायचा नाही असं ठरलं होतं, पण किती दिवस धीर धरायचा? आज भावजयीला फोन लावला. म्हटलं, "सहज केला. आई काय करतेय?"

"खातायत."

"या वेळेला? काय खातेय?"

"शेंगदाणे," भावजय म्हणाली. आणि मागून खरोखरच कुरुम कुरुम आवाज येत होता.

हॉस्पिटलच्या किचनमध्ये ताटं तीन प्रकारची असतात, पातळ, मऊ आणि साधं. कोणाला कुठलं ताट ते डॉक्टर लिहितात, आणि त्यांनी पुन्हा लिहीपर्यंत ताट बदलत नाही. पेशंट भांडला, रडला, नातेवाईक मोठ्या साहेबांना जाऊन भेटले, तरी नाही. घास अडकून माणूस जातो, आणि मग ताट कोणी सोडलं ते शोधत येतात. नोकरीभर मी हे डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. माझ्या हातून एकही चुकीचं ताट गेलं नाही. आईला घरी सोडलं तेव्हा तिच्या कागदावर 'मऊ' लिहिलेलं होतं. ते आजपर्यंत कोणी बदललेलं नाही.

भावजयीला हे सांगायला गेले, तर ती म्हणाली, "अहो ताई, आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काहीही खाऊ देत. तीन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर तेव्हाच हो म्हटलं असतं."

"कुठले डॉक्टर?"

"आईंचेच की. तुम्ही नेता ते."

दर दोन महिन्यांनी मी आईला त्याच माणसासमोर नेऊन बसवते. बीपी बघतो, गोळ्या लिहितो, पुढचा पेशंट. त्याने आपणहून सांगायला नको? ताट बदलायचं तर लिहिणं त्याचं काम. किचनने कधी डॉक्टरला विचारल्याचं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मी रागारागाने फोन ठेवला. नंतर आठवलं, आईशी बोलायचं राहूनच गेलं. तिनेही फोन मागितला नाही. तोंड भरलेलं असेल.

९ फेब्रुवारी

आज सकाळी दात घासताना मनात आलं, आईला जरा ताप यावा. फार नाही, नव्व्याण्णवच्या आसपास. एखादी रात्र जागायला लागली की त्यांना कळेल.

हे लिहून खोडलं होतं. पण खाली दिसतंच आहे, तर राहू दे.

११ फेब्रुवारी

तिसरं बेट. धाकट्याने फोटो पाठवलाय. आई अंगणातल्या खुर्चीत बसली आहे, चाकाच्या नाही, साध्या. केस कापून टाकलेत. मानेपर्यंत. आईचे केस मी रोज विंचरून घट्ट वेणी घालते, अर्धा तास जातो त्यात. यांना तेवढाही वेळ नाही, म्हणून कात्री लावून मोकळे झाले. आई फोटोत हसतेय, पण हस म्हटल्यावर म्हातारी माणसं हसतातच. वाऱ्याने केस तोंडावर आलेत. मागे करायलाही कोणी नाही.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. टोपीवालीने ओढून समुद्रात नेलं. इथे पाणी कमरेएवढंच आहे आणि तळ स्वच्छ दिसतो. म्हणाली, "आडव्या व्हा, मी पाठीला हात देते." मी झाले आडवी. कानात पाणी गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. वर नुसतं आभाळ. किती वेळ तशी होते सांगता येणार नाही. चार वर्षांत असा एक क्षण गेला नसेल की मी कसली चाहूल घेत नव्हते. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. मग मान वळवली, तर टोपीवाली लांब उभी राहून टोपीतलं पाणी झटकत होती. तिने हात कधी काढला ते मला कळलंच नव्हतं. कळलं, आणि मी तिथल्या तिथे बुडाले. नाकातोंडात पाणी. भलतीच थट्टा. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. ती म्हणाली, "अहो, तरंगत होतात की." तरंगत होते म्हणे.

१२ फेब्रुवारी

टोपीवालीचा पाय समुद्रातल्या काटेरी गोळ्यावर पडला. तळव्यात काळे काटे घुसलेत. सगळे नुसते भोवती उभे राहून सल्ले देत होते. मी सरळ पाय मांडीवर घेतला, गरम पाणी मागवलं, एकेक काटा चिमट्याने काढला. तिचे डोळे भरून आले, माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही नसतात तर काय झालं असतं?" किती दिवसांनी कोणीतरी हे बोललं. तिला खोलीवर नेलं, पाय उशीवर ठेवला आणि बजावलं, मी सांगेपर्यंत खाली टेकवायचा नाही.

१३ फेब्रुवारी

आज दिवस कसा गेला कळलंही नाही. सकाळी टोपीवालीसाठी किचनमध्ये जाऊन उभी राहिले आणि मऊ भात करून घेतला. ती म्हणाली, "पायाला लागलंय हो, दातांना नाही." विनोदी आहे. पण खाल्ला. दुपारी खुर्ची मागवून बाथरूमपर्यंत नेलं. संध्याकाळी ती म्हणाली, "आता मला जरा पाय टेकवून बघू द्या." मी म्हटलं, उद्या बघू. मी तिच्या खोलीतली चादर झटकली, ओले कपडे वाळत घातले, खिडकी लावून घेतली. रात्री दुखलं तर हाक मारा म्हटलं.

निघताना तिने विचारलं, "एक सांगाल? घरून फोन येत नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय, की आला तर वाटेल?"

म्हणजे खोटं बोलले होते ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, "वेदनेने माणूस काहीही बोलतो," आणि दिवा बंद केला.

१४ फेब्रुवारी

टोपीवाली गेली. सकाळी भात घेऊन गेले तर खोली रिकामी, पलंगावर झाडूवाली चादरी काढत होती. म्हणाली, त्या बाई पहिल्या बोटीने गेल्या. मी विचारलं, कोणी उचलून नेलं? तर म्हणाली, "छे, चालत गेल्या. हळूहळू गेल्या, पण हसत होत्या. तुम्हाला उठवू नका म्हणाल्या."

काय माणसं असतात. काटे काढताना माझा हात सोडत नव्हती. काम झालं आणि तोंडाला पानं पुसून गेली. पायात एखादा काटा राहिला असेल तर पिकेल, मग कळेल.

भात मीच खाल्ला. आळणी होता.

१६ फेब्रुवारी

चौथं बेट. इथे रेंज फक्त धक्क्यापाशी येते, म्हणून मी धक्क्यावरच्या बाकावर बसून असते. लोकांना वाटतं सूर्यास्त बघतेय.

आणि आज फोन आला. धाकट्याचं नाव दिसलं. मनातल्या मनात मी बॅग भरलीसुद्धा. त्याला काही टोचून बोलायचं नाही, तुम्ही प्रयत्न केलात हेच खूप, एवढंच म्हणायचं, असं ठरवून फोन उचलला.

"बोल रे. काय झालं? आई कशी आहे?"

"आई मस्त आहे. ताई, तिचा जवळचा चष्मा कुठे ठेवलायस? तुझ्याकडे आलोय, सगळी कपाटं शोधली, सापडत नाही."

"जवळचा कशाला हवाय?"

"वाचायचंय तिला. पेपर वाचून दाखवत होतो, तर म्हणते, तुझं वाचणं रटाळ आहे, मी माझं वाचते."

चष्मा माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, लोकरीच्या कपड्यांखाली होता. आईचे डोळे दुखतात म्हणून मी ठेवून दिला होता. दुखतात असं ती एकदा म्हणाली होती, पहिल्या वर्षी. मी धाकट्याला जागा सांगितली. तो म्हणाला, "थँक्यू ताई. मजा कर." बस. एवढ्यासाठी फोन होता.

मी बाकावर बसून रडले. पलीकडच्या बाकावर एक जोडपं होतं. त्यातली मुलगी उठून आली आणि हळूच म्हणाली, "काकू, आमचा एक फोटो काढता का?" जवळ आल्यावर तिला माझा चेहरा दिसला, पण तोवर फोन पुढे करून झाला होता. काढला फोटो. मागे तांबडं आभाळ, चांगला आला.

अजून पाचवं बेट बाकी आहे आणि मुदतही बाकी आहे. पण उद्या इथून थेट परतीची बोट सुटते. मी जातेय. आई माझी आहे, तिला असं कोणाच्या हवाली करून वाळूत बसायला मी काही टोपीवाली नाही.

१८ फेब्रुवारी

बोटीतून उतरून तशीच धाकट्याच्या घरी गेले. कोणाला कळवलं नव्हतं. कळवून गेलं की घर आवरून ठेवतात, आणि मला खरं काय चाललंय ते बघायचं होतं.

फाटक उघडं होतं. आई अंगणात उभी होती. डावा हात भिंतीला, आणि उजव्या हाताने दोरीवरचे कपडे काढून खांद्यावर टाकत होती. त्या हाताने. बोटं पुरती उघडत नव्हती, चिमटा निघायला वेळ लागत होता, पण निघत होता. मी फाटकापाशी तशीच उभी राहिले. मग तिने वळून पाहिलं.

"इतक्यात?" आई म्हणाली.

मी बॅग टाकून धावले आणि तिला धरलं. म्हटलं, पडशील, तुला कोणी सांगितलं उभं राहायला? तिने खांद्यावरचे कपडे माझ्या हातात दिले. आणि मी धरल्याबरोबर तिने सगळं अंग माझ्यावर टाकलं, घरी टाकते तसं. तिला तसंच आत नेऊन बसवलं. भावजय स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. म्हणाली, "ताई, तुम्ही? बसा ना, चहा टाकते." तिने धाकट्याला फोन केला असणार, कारण तो कामावरून लगेच आला.

मी म्हटलं, मी आईला न्यायला आलेय. धाकटा म्हणाला, "ताई, ठरल्याप्रमाणे करू. आईलाच विचारू. ती म्हणेल तसं." मी म्हटलं, विचार. आईने आधी धाकट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या पायांकडेही बघितलं. चपलांच्या पट्ट्यांपुरते गोरे राहिलेत, बाकी सगळे उन्हाने काळे पडलेत.

"मी हिच्याबरोबर जाते," आई म्हणाली.

मला काय झालं ते सांगता येत नाही. चार वर्षांचं चीज झालं असं वाटलं. भावजय आत निघून गेली. मी आईचं सामान भरायला आतल्या खोलीत गेले. कपडे, गोळ्या, उशाशी पालथा घालून ठेवलेला पेपर आणि त्यावर जवळचा चष्मा. चष्मा मी पर्समध्ये टाकला. बाहेर धाकटा हळू आवाजात बोलत होता, पण खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

"आई, तुला इथे बरं वाटत नाही का? काही चुकलं का आमचं?"

"फार बरं वाटतंय रे मला," आई म्हणाली. "पण तुझं चार माणसांचं घर आहे. तिला काय आहे? मी नसले तर सकाळी उठून ती करणार काय?"

मग धाकटा काही बोलला ते ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "माझे किती दिवस राहिलेत? काढते तिच्याकडे."

मी पिशवीची चेन लावली. मला रडू आलं नाही, राग आला. म्हणजे ती माझ्यावर उपकार करतेय. मी चार वर्षं झिजले आणि उपकार ती करतेय. बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं, राहा इथेच, मला नको तुझी दया. मला करायला शंभर कामं आहेत, मी टायपिंगचे क्लास काढीन, पुन्हा बेटांवर जाईन. हे सगळं मी दारामागे उभी राहून मनात म्हटलं. मग पिशवी उचलून बाहेर आले आणि म्हटलं, "चल आई, उशीर होतोय."

१९ फेब्रुवारी

काल आमच्या जिन्यापाशी आई म्हणाली, "मी चढून बघू का?" मी नको म्हटलं. धाकट्याने आणि खालच्या सुताराने तिला खुर्चीसकट वर आणलं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाकट्याला धाप लागली होती. जाताना तो माझ्याकडे न बघताच गेला.

रात्री आई शांत झोपली. मला झोप आली नाही. ती काय म्हणाली ते मी ऐकलंय, हे तिला सांगायचं ठरवत होते. तिला म्हणणार होते, आई, तू माझी काळजी करू नकोस, तुला हवं तिथे राहा. पण या खोलीत तिचा श्वास ऐकू येत नसला तर मी काय ऐकत पडू, ते मला सुचेना. सकाळीसुद्धा बोलले नाही. केसांत वेणी बसत नाही, म्हणून नुसते विंचरले. तिने मान हवी तशी वळवून दिली.

दुपारी जेवण नेहमीसारखं मिक्सरमधून काढलं. ताट घेऊन पलंगापाशी बसले. चमचा भरत होते तेव्हा आईचा उजवा हात पांघरुणातून बाहेर आला आणि ताटाच्या कडेपर्यंत पोचला. बोटं थोडी उघडली होती. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, हात परत मांडीवर घेतला आणि तोंड उघडलं.

चमचा तिच्या हातात दिला असता, तर तिने स्वतः खाल्लं असतं. सांडत, वेळ लावत, पण खाल्लं असतं. हे मला चमचा हातात असतानाच माहीत होतं. तीसुद्धा वाट बघत होती, मी देते का ते. मी भरवलं. ताट संपेपर्यंत भरवलं, तोंड पुसलं आणि विचारलं, बरं झालं होतं का जेवण? ती हो म्हणाली.